घरधनी परगांवीं, मासे घरीं

सुटीचे दिवस जवळ आले कीं शहरांतील कुटुंबांची जी बांधाबांध सुरू होते, तिचा क्रम ठरून गेलेला असतो. दूधवाल्याला आणि वर्तमानपत्रवाल्याला सांगून ठेवावयाचें, तुळशीला पाणी घालण्याचें काम शेजारच्या काकूंकडे सोंपवावयाचें, जादा किल्ली भरंवशाच्या माणसापाशीं ठेवावयाची. कुत्रें असलें तर त्याची रवानगी नातेवाइकांकडे होते. मांजर आपली सोय आपणच पाहतें. अडचण येते ती दिवाणखान्यांतील कांचेच्या टांकीपाशीं. तिच्यांतील माशांना साखळी बांधून बरोबर नेतां येत नाहीं, आणि ते उपाशी असले तरी ओरडून शेजाऱ्याला जागें करीत नाहींत. त्यांचें कोणीं पाहावें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक. परंतु माणसानें हौसेखातर मासे बाळगावयास सुरुवात केली तेव्हांपासून तो त्याच्या मागें लागलेला आहे, आणि आज जें मत्स्यालय म्हणून ओळखलें जातें त्याची घडण पुष्कळशी या एका प्रश्नाभोंवतीं झाली आहे.

या हौसेचे जुने आणि तपशीलवार दाखले रोमन ग्रंथकारांनीं लिहून ठेविले आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत नेपल्सच्या आखातावर धनाढ्य रोमन सरदारांचे वाडे होते, आणि वाड्यांना लागून समुद्राचें पाणी आंत खेळविलेले प्रशस्त हौद होते. क्विंटस होर्टेन्सिअस हा त्या काळचा नामांकित वकील व वक्ता, सिसेरोचा प्रतिस्पर्धी. त्याचे हौद आखातावर बाउली येथें, आणि त्याचा धंदा रोममधील न्यायसभांत. व्हॅरो या पंडितानें ख्रिस्तपूर्व ३७ च्या सुमारास लिहिलेल्या कृषिविषयक ग्रंथांत या हौदांच्या व्यवस्थेचें मोठें मजेदार वर्णन केलें आहे. होर्टेन्सिअसच्या माशांना लहान मासळी पुरविण्यासाठीं अनेक कोळी नेमलेले होते. समुद्र खवळला आणि जाळीं टाकतां येईनाशीं झालीं, म्हणजे बाजारांतून खारी मासळी विकत घेऊन ती हौदांत टाकली जाई. स्वतःच्या जेवणासाठीं मात्र हा गृहस्थ आपल्या हौदांतील मासा काढीत नसे. तो पुतेओली गांवच्या बाजारांतून विकत आणवी. आजारी मासा आणि आजारी गुलाम यांच्यांत त्याला माशाची काळजी कांहीं कमी वाटत नसे, असा टोमणा व्हॅरोनें मारला आहे. सिसेरोनेंही आपल्या पत्रांतून अशा सरदारांना ‘हौदवाले’ म्हणून चिमटे काढले. हातांतलें खाद्य घ्यावयास मासा वर आला कीं यांना स्वर्ग दोन बोटें उरतो, असा त्या चिमट्यांचा आशय.

थट्टा बाजूला ठेवली तर होर्टेन्सिअसची व्यवस्था चोख होती यांत शंका नाहीं. तिच्यांत वादळाचासुद्धां विचार केलेला होता. पण ती शक्य झाली याचीं कारणें तीन: पैसा, गुलाम, आणि भिंतीपलीकडचा समुद्र. पाणी बदलण्याचें अर्धें काम समुद्रच करीत होता.

दक्षिणेंतही राजेलोकांना हा नाद होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोदाचें एक प्रकरण आहे. माशांच्या निरनिराळ्या जाती सांगून कोणत्या जातीला कोणतें खाद्य घालावें, याचा विचार त्यांत केला आहे. हेतु अर्थातच गळ टाकून मासा धरण्याचा, तेव्हां त्याला मत्स्यपालन म्हणणें धाडसाचें होईल. तथापि राजा गळ घेऊन येण्यापूर्वीं कितीतरी दिवस कोणीतरी नित्यनेमानें पाण्याशीं जाऊन गोळे टाकीत असलें पाहिजे, हें त्या वर्णनावरून उघड होतें. अशा माणसांचीं नांवें कोणीं लिहून ठेवीत नाहीं.

नदी, तळें, हौद यांतील मासा पुष्कळ अंशीं स्वतंत्र असतो. चिनी लोकांनीं त्याला भांड्यांत आणलें आणि तेथून प्रश्नाचें रूप पालटलें. सोनेरी माशाची पैदास चीनमध्यें सुंग राजवटींत तळ्यांतून होत असे. पुढें मिंग काळांत तो मातीच्या मोठ्या रांजणांत येऊन राहिला. १५९६ सालीं चांग च्यानद नांवाच्या लेखकानें या माशांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. रांजणांतील मासा सर्वस्वीं माणसावर अवलंबून: खाणें माणसाचें, पाणीही माणसाचें. भांडें जसजसें लहान होत गेलें तसतसा मालक त्याला अधिक घट्ट बांधला गेला, ही गोष्ट पुढच्या सर्व इतिहासांत ध्यानीं ठेवण्यासारखी आहे.

युरोपांत या बंधनाची जाणीव बराच काळ नव्हती. लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिस यानें १६६५ सालच्या २८ मे रोजीं, ॲडमिरल पेन यांच्या घरीं कांचेच्या भांड्यांत ठेविलेले परदेशी मासे पाहिले. ते त्या भांड्यांत कायमचे असेच जगतील, असें त्याला सांगण्यांत आलें असावें; कारण तशी नोंद त्यानें निःशंकपणें करून ठेविली आहे. पेपिस मोठा चौकस गृहस्थ; पण पाणी कोण बदलतें, हें त्यानें लिहिलेलें नाहीं. मोठ्या घरांत तें काम नोकरांचें, आणि नोकरांचें काम पाहुण्यांच्या नजरेस पडत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हीच गोष्ट एका बाईंनीं मात्र मोकळेपणानें लिहून ठेविली. ॲना थिन या वेस्टमिन्स्टर येथील एका उच्च धर्माधिकाऱ्याच्या पत्नी. १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना कांहीं जिवंत प्रवाळ मिळाले, आणि ते दगडी बरणींत घालून त्यांनीं लंडनला आणले. समुद्र कितीतरी मैल दूर. आरंभीं ताजें खारें पाणी मागवून त्या तें बदलीत असत. परंतु असा पुरवठा कायम चालणें कठीण. तेव्हां त्यांनीं तेंच पाणी पुन्हां ताजें करण्याची युक्ति काढली. उघड्या खिडकीसमोर उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत, दुसऱ्यांतून पहिल्यांत, असें अर्धा ते पाऊण तास पाणी ओतीत राहावयाचें, म्हणजे त्यांत हवा मिसळते. हें काम करी त्यांच्या घरची एक लहानशी मोलकरीण. काम थकविणारें होतें हें थिनबाईंनीं पुढें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत कबूल केलें आहे. मात्र मुलीला त्यांत गंमत वाटे, अशी पुस्तीही जोडली आहे. त्या मुलीला विचारलें असतें तर तिनें काय सांगितलें असतें, कोण जाणे! समुद्रापासून दूर, शहराच्या मध्यभागीं समुद्रजीव दीर्घकाळ जगविण्याचे जे पहिले प्रयोग यशस्वी झाले, त्यांतील हा एक. आणि त्याचा पंप म्हणजे एका पोरीचे दोन हात होते. पुढें थिनबाईंनीं त्या पाण्यांत समुद्रवनस्पति ठेविल्या आणि हातांचें काम हलकें झालें.

वनस्पति पाण्याला प्राणवायु देतात हें ज्ञान तेव्हां नवें नव्हतें. पण त्यावरून ‘कोणाच्याही मदतीवांचून चालणारें भांडें’ ही कल्पना आकारास आली ती आणखी एका प्रयोगामुळें, आणि त्याचा संबंध थेट लांबच्या प्रवासाशीं आहे. नॅथॅनिएल वॉर्ड हे पूर्व लंडनचे डॉक्टर. १८२९ सालीं त्यांनीं पतंगाचा कोश ओल्या मातींत ठेवून ती बाटली झांकून ठेविली. मातींतून आपोआप एक नेचा आणि थोडें गवत उगवलें, आणि बाटली न उघडतां तीं टवटवीत राहिलीं. दिवसा वाफ वर जाई, कांचेवर तिचें दंव होई, आणि तें पुन्हां मातींत उतरे. १८३३ सालीं वॉर्ड यांनीं अशा दोन बंद पेट्या गलबतावर चढवून सिडनीला धाडल्या. कित्येक महिन्यांचा तो प्रवास; वाटेंत रोपांना पाणी घालावयास माळी नाहीं. तरीही रोपें जिवंत पोंचलीं. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें कंपनी सरकारसाठीं चीनमधून चहाचीं रोपें भारतांत आणलीं तीं याच पेट्यांतून.

जें रोपांना साधलें तें माशांना कां साधूं नये? हा प्रश्न रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाला पडला. १८४९ सालीं त्यानें सुमारें बारा गॅलनांच्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची गवतासारख्या लांब पात्यांची पाणवनस्पति ठेविली. आरंभीं सर्व ठीक चाललें. पण लवकरच वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर शेवाळ धरलें. मग त्यानें आंत तळ्यांतल्या पांच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें आणि शेवाळ फस्त केलें, पाणी निवळलें. शिवाय त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून मिळूं लागलीं. १८५० च्या मार्च महिन्यांत वॉरिंग्टननें हा निबंध लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें ठेविला. मासा, वनस्पति आणि गोगलगाय हे तिघे एकमेकांची निगा राखतात. माणसाचें काम बघण्यापुरतें उरतें, असा त्याचा इत्यर्थ. रोमन सरदारांचे कोळी, थिनबाईंची मोलकरीण, सर्वांना एकदम रजा!

कल्पना फार गोड होती आणि काळही अनुकूल होता. १८५३ च्या मे महिन्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत कांचेच्या टांक्यांचें मत्स्यगृह उघडलें. दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक आलें आणि तो शब्द घरोघरीं झाला. इंग्लंडच्या मध्यमवर्गाला या छंदानें कांहीं वर्षें अक्षरशः वेड लाविलें. समुद्रकिनारे लोकांनीं खरवडून काढले. गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालीं आपल्या बापाची आठवण लिहितांना, बापाच्या पुस्तकांनीं त्या सुंदर किनाऱ्यांचा कसा विध्वंस घडविला, याबद्दल खेद प्रकट केला आहे.

पण वेड ओसरलें. जे. जी. वुड हे लोकप्रिय निसर्गलेखक. त्यांनीं १८६८ सालीं लिहिलें आहे कीं अखेर दहांपैकीं नऊ टांक्या त्यांच्या मालकांनीं सोडून दिल्या. कारण शोधावयास लांब जावयास नको. वॉरिंग्टनच्या भांड्यांत बारा गॅलनांना दोन लहान मासे होते. हौशी मालक तेवढ्याच जागेंत डझनभर कोंबी. वॉरिंग्टननें पाण्याकडे रोज शास्त्रज्ञाच्या डोळ्यानें पाहिलें. हौशी मालकानें ‘आपोआप चालतें’ एवढेंच ऐकलें आणि सहलीला निघून गेला. परत आल्यावर दिवाणखान्यांत जी दुर्गंधी पसरलेली असे, तिनें कोणाचाही उत्साह मावळावा. भांड्यांतील समतोल ही कल्पना खोटी नव्हती. फक्त तो समतोल फार थोड्या जिवांना पेलणारा होता, आणि हें सांगणारा माणूस टांकी विकणाऱ्या दुकानांत सहसा भेटत नाहीं.

त्या दुकानदारांतूनच एक असामान्य माणूस मात्र निघाला. विल्यम आल्फर्ड लॉइड हा लंडनचा मत्स्यपात्रांचा व्यापारी. त्यानें ओळखलें कीं पाणी थोडें आणि उजेड फार, हीच दुखण्याची मुळें. त्यानें प्रदर्शनाच्या टांक्यांखालीं त्यांच्या कित्येक पट मोठा, अंधारा, थंड हौद बांधावयाचा आणि वाफेच्या पंपानें रात्रंदिवस पाणी वरखालीं खेळवावयाचें, अशी योजना केली. १८६४ सालीं हॅम्बुर्ग येथें व १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें ती अंमलांत आली. नेपल्स येथें ॲन्टन डोर्न यानें स्थापिलेल्या संशोधनशाळेच्या मत्स्यालयालाही लॉइडचें मार्गदर्शन लाभलें. ज्या आखातावर होर्टेन्सिअसचे कोळी खारी मासळी टाकीत होते, त्याच आखाताच्या कांठीं आतां यंत्र पाणी उपसूं लागलें. मोलकरणीच्या हातांची जागा पंपानें घेतली. पण पंपाला कोळसा घालणारा माणूस लागतोच.

टांकीतील खरा राबता नोकर मात्र कोणाच्याच लक्षांत आला नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसत नाहीं. मासे आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलें खाद्य कुजलें कीं त्यांतूनही अमोनियाच निघतो. आणि तो माशांना जालीम विष आहे. वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या काथ्यावर वाढणारे सूक्ष्मजंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास सर्गेइ विनोग्राड्स्की यानें असे जंतु मातींतून वेगळे काढून दाखविले. ही कामगिरी दोन निरनिराळ्या जातींचे जंतु वांटून करतात, असें शंभराहून अधिक वर्षें शिकविलें गेलें. २०१५ सालीं मात्र दोन्ही कामें एकट्यानें उरकणारे जंतु सांपडले, आणि त्यांतील कांहीं नेदरलंडमधील नायमेखन येथें मत्स्यपालनाच्या टांकीच्या गाळणींत होते. म्हणजे वॉरिंग्टनच्या भांड्यांत तिघे नव्हते. चौथा होता, आणि तोच सर्वांत कष्टाळू.

हें ज्ञान झाल्यावर परगांवीं जाणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न निराळा दिसूं लागतो. मासा थंड रक्ताचा प्राणी. अंगाची ऊब राखण्यासाठीं त्याला अन्न जाळावें लागत नाहीं. वाढ झालेल्या निरोगी माशाला आठवडाभराचा उपास सहसा बाधत नाहीं. जुन्या, वनस्पति असलेल्या टांकींत तो याहूनही अधिक दिवस तग धरतो. नुकतीं जन्मलेलीं पिलें याला अपवाद. त्यामुळें मालकाच्या गैरहजेरींत मासे दगावले तर भुकेपेक्षां शेजाऱ्याच्या प्रेमळपणावर संशय घेणें अधिक रास्त ठरतें. शेजारची मुलें आनंदानें येतात, मासे तोंड उघडतात, ‘बिचारे उपाशी आहेत’ म्हणून आणखी एक चिमूट, मग आणखी एक. चौथ्या दिवशीं पाणी दुधाळ होतें, जंतूंना तो भार आवरत नाहीं, आणि सहाव्या दिवशीं काकूंना परगांवीं फोन करण्याचा अप्रिय प्रसंग येतो. यावर जाणत्या लोकांनीं काढलेला उपाय अगदीं घरगुती आहे. वैद्यांच्या पुड्या असतात तशा खाद्याच्या एकेक दिवसाच्या पुड्या बांधून त्यांवर वार लिहावयाचे, आणि खाद्याचा डबा कुलपांत ठेवावयाचा. निघण्याच्या आदल्या दिवशीं टांकी घासूनपुसून लख्ख करण्याचा मोह गृहिणींना फार होतो; पण त्या धुण्यांत गाळणींतले जंतूच वाहून जातात. उन्हाळ्यांत पाणी आटतें, तेव्हां भर घालावी लागते. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांना आणि जंतूंना दोघांनाही घातक, म्हणून तें पाणी कांहीं तरी उपाय करून क्लोरीनमुक्त करावें लागतें. ठरल्या वेळीं खाद्य टाकणारीं यंत्रें आतां बाजारांत मिळतात आणि तीं चांगलीं चालतातही. परंतु वीज गेली म्हणजे त्यांना तें कळत नाहीं, आणि खिडकींतून डोकावून शेजाऱ्याला हांक मारणें तर त्यांना मुळींच येत नाहीं.

वीज जाणें ही घरगुती टांकींत गैरसोय असते. मोठ्या मत्स्यालयांत तो अनर्थ होतो. अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरीं मिसिसिपीच्या कांठावरील मत्स्यालयांत सुमारें दहा हजार मासे होते. २००५ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस कॅट्रिना वादळ त्या शहरावर आलें. इमारत टिकली, कांचा फुटल्या नाहींत, जादा विजेचें जनित्रही तयार होतें. पण शहर पाण्याखालीं गेलें, बंदोबस्त कोसळला, आणि मागें राहिलेल्या मोजक्या नोकरांनाही इमारत सोडून जावें लागलें. त्यानंतर जनित्र बंद पडलें. पाण्याचा खेळ थांबला, प्राणवायु संपला, आणि नोकर परत येईपर्यंत बहुतेक सर्व मासे मेले होते. हवेंत श्वास घेणारे प्राणी पुष्कळसे वांचले. एकोणीस पेंग्विन आणि दोन समुद्रीं पाणमांजरें कॅलिफोर्नियांतील माँटरे येथील मत्स्यालयांत पोंचविण्यांत आलीं. पुढच्या मे महिन्यांत मत्स्यालय पुन्हां उघडलें तेव्हां पेंग्विन परत आले आणि टांक्यांत नवे मासे सोडले गेले. होर्टेन्सिअसनें वादळासाठीं खारी मासळी साठवावी, तशीच तयारी येथेंही होती. तिला माणसांच्या हजेरीचा आधार होता, तेवढाच निघून गेला.

याच्या अगदीं उलट प्रकार २०२० सालीं तोक्योच्या सुमिदा मत्स्यालयांत घडला. महामारीमुळें मत्स्यालय पाहुण्यांना बंद होतें. नोकर मात्र रोज येत होते, खाद्य वेळेवर पडत होतें, पंप चालू होते. तेथील वाळूंत बीळ करून राहणाऱ्या सुमारें तीनशें बागवामांना, म्हणजे सापासारख्या बारीक, लांबट माशांना, एरवीं कांचेपलीकडच्या चेहऱ्यांची संवय झालेली होती. गर्दी नाहींशी झाल्यावर ते माणसाला बुजूं लागले. खाद्य देणारा नोकर जवळ आला कीं सगळे एकदम वाळूंत गडप होत, आणि त्यांची प्रकृति तपासणें अवघड होऊन बसे. तेव्हां मत्स्यालयानें मे महिन्याच्या आरंभीं तीन दिवस टांकीसमोर पडदे असलेलीं यंत्रें मांडलीं आणि घरीं अडकलेल्या लोकांना विनंती केली कीं, त्यांनीं दूरध्वनीवरून आपला चेहरा माशांना दाखवावा, हात हालवावा, हळू आवाजांत बोलावें. ओरडूं मात्र नये.